तहसीलचा दाखला, हार्वर्डची फी

एक कोडं घालतो. गडचिरोली जिल्ह्याच्या कोरची तालुक्यातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. दोन एकर धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफुलं, मधूनमधून रोजगार हमीचं काम. तहसीलच्या दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न साठ-सत्तर हजार रुपये. या घरातल्या बारावीच्या पोरीपुढे तीन नावं आहेत : नागपुरातलं एक खाजगी कॉलेज, पुण्यातलं एक खाजगी विद्यापीठ आणि अमेरिकेतलं हार्वर्ड. हार्वर्डचा वर्षाचा छापील आकडा फी, खोली आणि जेवण मिळून सुमारे ८७ हजार डॉलर, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या आसपास. आता सांगा, तिन्हींत त्या घराला स्वस्त कोणतं?

हार्वर्ड! आपल्याकडे फी माफ झाली तरी खोलीभाडं, मेस, पुस्तकं, गावी जाण्यायेण्याचा खर्च उरतोच. तिकडे मात्र पाऊण कोटींतले जवळजवळ सगळे पैसे विद्यापीठ स्वतः भरतं. वरखर्च आणि विमानाचं तिकीटही त्या हिशेबात धरलेलं असतं. आणि हे कर्ज नाही, एक रुपयाही परत मागत नाहीत. ‘प्रवेश मिळाला तर’ ही अट डोंगराएवढी आहे, तिच्याकडे येऊच. पण आधी या उफराट्या गणिताकडे नीट पाहू या, कारण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हजारो हुशार मुलांनी तो छापील आकडा पाहूनच पान उलटलेलं असतं. आणि तो आकडा त्यांच्यासाठी नसतोच!

मग तो कुणासाठी असतो? ज्याला परवडतो त्याच्यासाठी. या कॉलेजांत प्रत्येक घराला किंमत वेगळी लागते. सूत्र अगदी सोपं : एकूण खर्चातून घराची ऐपत वजा करायची, उरेल ती ‘गरज’. घराची ऐपत शून्य ठरली, तर सगळा खर्च हीच गरज. ‘आम्ही शंभर टक्के गरज भागवतो’ असं एखादं कॉलेज लिहितं, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की या वजाबाकीचं जे उत्तर येईल ते आम्ही देऊ. हार्वर्डने २०२५-२६ पासून हद्द आणखी वर नेली : वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घराकडून काहीच घ्यायचं नाही. एक लाख डॉलर म्हणजे ८५ लाख रुपयांहून अधिक. धानोरा, एटापल्ली, जिवती या तालुक्यांत या रेषेच्या वर किती घरं निघतील?

घराची ऐपत मोजायला एक लांबलचक फॉर्म असतो, सीएसएस प्रोफाइल नावाचा. त्यात काय काय विचारतात! घर स्वतःचं की भाड्याचं, जमीन किती, तिची किंमत काय, बँकेत शिल्लक किती, घरात माणसं किती, त्यांतली शिकणारी किती. आकडे रुपयांतच भरायचे, डॉलर करत बसायचं नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र नसलं तरी अडत नाही. जे घर कर भरण्याइतकं कमावतच नाही, ते तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह जोडतं. सेतू केंद्रात रांग लावून काढलेला तो कागद, ज्यावर आपण फार तर शाळेची फी माफ होईल अशी आशा धरतो, तो बोस्टनशेजारच्या एका टेबलावर जातो, आणि तिथला माणूस तो वाचून चार वर्षांचे तीन कोटी मंजूर करतो. त्या कागदाचं एवढं मोल आपल्या तहसील कार्यालयात तरी कुणाला ठाऊक असेल का?

विद्यार्थ्याने स्वतः मात्र थोडा हातभार लावायचा असतो. आठवड्याचे काही तास लायब्ररीत पुस्तकं लाव, मेसमध्ये वाढ, प्रयोगशाळेत मदत कर. विद्यार्थी व्हिसावर कॉलेजच्या आवारात, सत्र चालू असताना, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ची आठवण झाली ना? मग केंटकी राज्यातलं बेरीया कॉलेज ऐका. गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका धर्मोपदेशकाने १८५५ मध्ये ते काढलं आणि तिथे काळे-गोरे, मुलं-मुली एकत्र शिकू लागले. शंभराहून अधिक वर्षं या कॉलेजने शिकवणीची फीच घेतलेली नाही. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो. तिथली मुलं हातांनी झाडू बांधतात आणि ते झाडू विकले जातात. आणि प्रवेशाची अट अशी, की ऐपत नसलेल्यांनाच इथे घेतात. पैसेवाल्याच्या मुलाला ‘तुला इथे जागा नाही’ असं सांगणारं कॉलेज! दर वर्षी थोड्या परदेशी मुलांनाही ते घेतं.

हा पैसा येतो कुठून? सरकार देत नाही, आणि श्रीमंत मुलांच्या फीतूनही एवढा निघत नाही. तो येतो साठवलेल्या दानातून. हार्वर्डमधली पहिली शिष्यवृत्ती १६४३ सालची आहे. लंडनच्या ॲन रॅडक्लिफ या बाईंनी शंभर पौंड पाठवले होते, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी. १६४३! शिवाजी महाराज तेव्हा तेरा वर्षांचे होते, आणि चांद्यावर, म्हणजे आजच्या चंद्रपूरवर, गोंड राजांचं राज्य होतं, जे त्यानंतरही शतकभर टिकलं. तेव्हापासून लोक देत गेले, विद्यापीठ ती रक्कम गुंतवत गेलं, आणि आज हार्वर्डचा हा निधी पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे. नियम मात्र आपल्याकडच्या कुठल्याही आजीला कळेल असा : मोहाचं झाड तोडायचं नाही, खाली पडलेली फुलं वेचायची. निधीतला साधारण पाच टक्के भाग दर वर्षी खर्चायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही.

काही कॉलेजांचे निधी कसे वाढले त्याच्या गोष्टी तर कादंबरीत खपाव्यात अशा आहेत. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांमध्ये ग्रिनेल नावाचं लहानसं कॉलेज आहे. १९४८ मध्ये तिथल्या रॉबर्ट नॉइस नावाच्या विद्यार्थ्याने पार्टीसाठी शेजारच्या शेतातलं डुक्कर पळवलं. कॉलेजातून हकालपट्टीच व्हायची, पण त्याच्या भौतिकशास्त्राच्या गुरुजींनी रदबदली केली आणि एका सत्राच्या निलंबनावर भागलं. वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, याच नॉइसने एक कंपनी काढायची ठरवली, तेव्हा ग्रिनेलने आणि त्याच्या विश्वस्तांनी मिळून तीन लाख डॉलर त्यात घातले. कंपनीचं नाव इंटेल! ते पैसे किती पटींनी वाढले असतील याचा अंदाज तुमचा तुम्हीच करा. डुक्कर चोरणाऱ्या पोराला एका मास्तराने सांभाळून घेतलं, म्हणून आज ते कॉलेज जगभरच्या मुलांना भरघोस मदत देऊ शकतं.

आता त्या डोंगराएवढ्या अटीकडे. अमेरिकेत पदवी देणाऱ्या संस्था चार हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्याकडे पैसे आणणारं गिऱ्हाईक म्हणूनच पाहतात. त्यांच्याकडून मोठी मदत मिळण्याची आशा धरू नये. उरलेल्यांत दोन जाती आहेत आणि हा फरक कळला नाही तर सगळी मेहनत पाण्यात जाते. पहिली जात नीड-ब्लाइंड : तुमचा अर्ज वाचताना तुम्हाला मदत लागणार की नाही हे बघितलंच जात नाही. निवड आधी, पैशांची गोष्ट नंतर. परदेशी विद्यार्थ्यांनाही हा नियम लावणारी कॉलेजं जेमतेम दहाच्या आसपास असतील. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही त्यांतली जुनी नावं. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये त्यांत आली, ब्राउन २०२५च्या तुकडीपासून. दुसरी जात नीड-अवेअर : इथे तुमची गरज पारड्यात पडते. दोन अर्ज सारखे असतील आणि एकाला मदत नको असेल, तर पारडं कुठे झुकेल हे सांगायला नको. पण यांच्यातली बरीच कॉलेजं एकदा निवडलं की गरज पूर्ण भागवतात.

इथेच एक खड्डा आहे. निवडीची शक्यता वाढावी म्हणून ‘मदत नको’ असं लिहायचं आणि प्रवेश मिळाल्यावर मागायचं, अशी युक्ती पुष्कळांना सुचते. नीड-अवेअर कॉलेजांत ती बहुधा अंगाशी येते. पहिल्या वर्षी मदत मागितली नसेल तर परदेशी विद्यार्थ्याला चारही वर्षं ती मागता येत नाही, असा अनेकांचा लेखी नियम आहे. म्हणून खरं तेच लिहावं. गरीब घराला तर खोटं लिहिण्यात काही फायदाच नाही. गंमत बघा, ज्या एका सरकारी कागदावर आपलं उत्पन्न कमी दिसावं म्हणून आपल्याकडे सधन लोक धडपडतात, तो या पोरीकडे आपोआप खरा आहे.

आणि निवड किती कठीण? हार्वर्ड-एमआयटीत शंभर परदेशी अर्जांमागे दोन-तीन. हे आकडे मी मुद्दाम लपवत नाही. पण त्यांच्या आत एक नवल दडलेलं आहे, आणि मला विचाराल तर या साऱ्या यंत्रणेतलं ते सगळ्यात मोठं.

तिथे गुणांची एकच यादी लावून वरून तोडत नाहीत. प्रत्येक अर्ज त्या मुलाच्या जागेवर उभं राहून वाचायचा, असा प्रघात आहे. शाळेने आपली माहिती वेगळी पाठवायची असते : वर्ग किती, विषय कोणते, प्रयोगशाळा आहे का, मुलं कुठल्या घरांतून येतात. ज्या आश्रमशाळेत भौतिकशास्त्राला वर्षभर शिक्षक नव्हता, तिथल्या मुलीने ऑलिंपियाड का केलं नाही असं कुणी विचारत नाही. जे हाताशी होतं त्याचं तिने काय केलं, हे विचारतात.

आणि हाताशी काय होतं, याची त्यांची व्याख्या ऐकून मी तर थक्क झालो. हजाराहून अधिक कॉलेजांना चालणारा ‘कॉमन ॲप’ नावाचा अर्ज आहे. त्यात अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी लिहायला जागा असते, प्रत्येकीला वर्णनासाठी फक्त दीडशे अक्षरं. शहरातली मुलं तिथे वादविवाद, रोबो, पियानो लिहितात. पण त्याच यादीतून निवडायच्या प्रकारांत ‘घरची जबाबदारी’ आणि ‘मजुरी’ हेही छापलेले आहेत! म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणं हे तिथे काम म्हणून मोजलं जातं. तेंदूच्या हंगामात पहाटे अंधारात जंगलात जाणं, दुपारभर सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून देणं हेही मोजलं जातं. वाघाच्या भीतीने घोळक्याने जाणारी, तरी जाणारी मुलगी : तिच्या या दीडशे अक्षरांपुढे पियानो कितीसा टिकेल?

बरं, इथली मुलं आणखी काय काय पाहत मोठी होतात याची त्यांना स्वतःला कल्पना नसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. त्या गावात बहुमताने निर्णय होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. गडचिरोलीत अशा कितीतरी ग्रामसभा आता स्वतःच्या तेंदूचा, बांबूचा व्यवहार स्वतः करतात. त्या सभेत बसून हिशेबाची वही वाचून दाखवणारा सतरा वर्षांचा मुलगा राज्यशास्त्राच्या पुस्तकात नसलेलं काहीतरी शिकलेला असतो. साडेसहाशे शब्दांचा जो निबंध अर्जात लिहायचा असतो, त्यात हे यावं. गरिबीचं रडगाणं नको. वाचणाऱ्याने तसली शेकडो वाचलेली असतात आणि दया आली म्हणून कुणी जागा देत नाही.

हे सगळं नव्या जमान्याचं वाटत असेल तर १८८३ सालात चला. मराठी बाईने अमेरिकेतल्या कॉलेजला ‘मला शिकायचं आहे, पण पैसे नाहीत’ असं लिहिलेलं एक पत्र त्या साली फिलाडेल्फियात पोचलं. लिहिणारी आनंदीबाई जोशी, वय अठरा. ती तिथवर पोचली कशी तेही पाहा. नवरा गोपाळराव कोल्हापुरात असताना त्यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या, समोर पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं, आणि पुढचं सगळं घडलं. त्या बाईंचा दात दुखला नसता तर? आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. कॉलेजच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जोर दिला तो दोन गोष्टींवर : आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून मी इथवर आले, आणि माझ्या देशातल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे. आजच्या प्रवेशसमितीला जे लागतं ते नेमकं हेच, आणि आनंदीबाईंना ते कुठल्या सल्लागाराने शिकवलं नव्हतं. कॉलेजने त्यांना घेतलं, मदतही दिली. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर. तो करार होता : शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. आधी बांधून घ्यायचं, मग द्यायचं, ही त्या काळची रीत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये काढलेल्या निधीतून आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते. चांद्याचे राजाभाऊ खोब्रागडे लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि १६ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांचा धम्मदीक्षेचा सोहळा त्यांच्या शहरात झाला. परदेशी शिक्षणाचं आणि या मातीचं नातं आजचं नाही.

पण जंगलातून, आश्रमशाळेतून, थेट अमेरिकेत? त्याचं उत्तर कुरखेडा तालुक्यातल्या चिरचाडी गावाने दिलेलं आहे. भास्कर हलामी तिथले. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा. मोहफुलं शिजवून आणि तांदळाच्या पिठाचं पाणी पिऊन दिवस काढले, असं त्यांनीच सांगितलं आहे. वडिलांना शंभराहून अधिक किलोमीटर दूर कसनसूरच्या शाळेत स्वयंपाक्याची नोकरी लागली आणि सगळं घर तिकडे गेलं. चौथीपर्यंत तिथली आश्रमशाळा, मग परीक्षा देऊन यवतमाळ जिल्ह्यातलं केळापूरचं शासकीय विद्यानिकेतन, गडचिरोलीत बी.एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्रात एम.एस्सी., लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन. एमपीएससीही उत्तीर्ण झाले. इथवर आलेला माणूस आपल्याकडे ‘सुटला’ असं म्हणतात. हलामी तिथून मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात पीएच.डी.ला गेले. २०२२ मध्ये त्यांचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं तेव्हा ते मेरिलँडमधल्या एका औषध कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. काम आरएनएवर. पेशीतला एखादा नको असलेला संदेश गप्प करणारे आरएनएचे अगदी लहान तुकडे बनवता येतात आणि त्यांची औषधं होतात, हे विज्ञान इतकं नवं आहे की त्याचा मूळ शोध १९९८चा आणि त्यावरचं नोबेल २००६चं.

मिशिगन टेक आहे ह्यूटन गावी, सुपिरियर सरोवराकाठी. तिथे हिवाळाभरात पाचेक मीटर बर्फ पडतं. आणि आपल्याकडे चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांना टेकतो!

पीएच.डी.च्या वाटेवरचं नवल वेगळंच आहे. पदवीला गरीब असल्याचं सिद्ध करावं लागतं. इथे बापाचं उत्पन्न कुणी विचारतच नाही. अमेरिकेत विज्ञानातल्या पीएच.डी.ला सहसा फी माफ असते आणि वर दरमहा पगार मिळतो, कारण तुम्ही तिथे कामावर असता : खालच्या वर्गांच्या प्रयोगशाळा घ्यायच्या, पेपर तपासायचे, नाहीतर प्राध्यापकांच्या संशोधनात हात लावायचा. एम.एस्सी. झालेल्या, घरी दर महिन्याला काही पाठवावं लागणाऱ्या मुलाला हा रस्ता पदवीच्या रस्त्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. आपल्याकडे मात्र ‘अमेरिकेत एम.एस. करायला चाळीस लाख कर्ज’ ही एकच गोष्ट गावोगाव पोचलेली आहे. एम.एस.ला बहुधा पैसे भरावे लागतात, पीएच.डी.ला मिळतात, एवढी एक ओळ गोंडवाना विद्यापीठाच्या प्रत्येक विज्ञान विभागात भिंतीवर लावावी असं मला फार वाटतं.

युरोपकडच्या वाटा थोडक्यात सांगतो. कोरपना तालुक्यात, सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात, लखमापूर हे गाव. तिथले वकील दीपक चटप २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकायला गेले. गडचिरोलीचे वकील बोधी रामटेके यांना युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली. चेव्हनिंग १९८३ पासून आहे. तीही घरचं उत्पन्न विचारत नाही; नेतृत्व काय केलं, लोक कसे जोडले, हाच अभ्यासक्रम का, पुढे काय करणार, एवढंच विचारते. सुमारे दोन वर्षांच्या कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायचं. बडोद्याचा करार आठवला? फक्त इथे नोकरी कुणाचीच बांधलेली नाही. इरास्मस मुंडसमध्ये एकच पदवी दोन-तीन देशांत फिरत पुरी करायची; फी नाही, वर दरमहा १४०० युरो.

आपली सरकारंही देतात. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे. आदिवासी विकास विभागाची आदिवासी मुलांसाठी वेगळी आहे. केंद्राच्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत साऱ्या देशासाठी दर वर्षी वीस जागा, आणि त्यांतल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव. अशा जमाती देशात पंच्याहत्तर. महाराष्ट्रात तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. भामरागडच्या माडिया मुलामुलींसाठी दिल्लीत जागा राखून ठेवलेली आहे, आणि ती पदव्युत्तर शिक्षणापासून पुढे लागू होते. बारावीनंतरच्या पदवीला नाही. म्हणून पदवीसाठी मुख्य आधार त्या श्रीमंत कॉलेजांचाच. सरकारी शिष्यवृत्तीची अडचण बहुतेकदा रकमेत नसते, तारखेत असते. तिकडचं विद्यापीठ ठरल्या दिवशी अनामत मागतं. ब्रिटनच्या व्हिसाला स्वतःचे पैसे दाखवायचे तर ते खात्यात सलग २८ दिवस पडून हवेत. इकडची निवड यादी आपल्या चालीने येते. अधिकृत शिष्यवृत्तीचं पत्र हातात असलं की २८ दिवसांची कटकट मिटते. म्हणजे सगळा खेळ ते पत्र वेळेत येण्याचा.

२०२५ पासून अमेरिकेत वारं फिरलंय हेही सांगायला हवं. तिथल्या सरकारने हार्वर्डला परदेशी विद्यार्थी घेण्यापासून रोखायचा प्रयत्न केला, कोर्टाने तो अडवला, आणि मोठ्या निधींवरचा कर वाढला. म्हणून सगळी अंडी एका देशात ठेवू नयेत.

मग अडतं कुठे? पैसे आहेत, जागा आहेत, दीडशे अक्षरांत तेंदू लिहायची सोयसुद्धा आहे. अडतं ते हे सगळं सांगणारं माणूस भेटण्यावर. मुंबई-पुण्यातले सल्लागार याच माहितीचे काही लाख घेतात. बुलढाण्याच्या राजू केंद्रे यांनी, जे स्वतः चेव्हनिंगवर सोआसला गेले, ‘एकलव्य’ ही संस्था नेमकी याच उणिवेसाठी उभी केली : घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांचे अर्ज, निबंध, मुलाखती आधी गेलेली मुलं बघतात. पुण्याजवळ मुळशीत १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, अकरावी-बारावीचं. तिथे ऐपतीप्रमाणे मदत मिळते, आणि तिथून निघालेल्या मुलांसाठी शेल्बी डेव्हिस या अमेरिकन गुंतवणूकदाराने २००० पासून अमेरिकन कॉलेजांना पैसे द्यायला सुरुवात केली; आज अशी कॉलेजं शंभरेक आहेत. म्हणजे दहावीतच एक दार आहे!

आता तारखा, कारण या साऱ्या नवलाचा शत्रू एकच, उशीर. कॉमन ॲप दर वर्षी १ ऑगस्टला नवा उघडतो. एमआयटीचा अर्ज वेगळा, तिच्याच संकेतस्थळावर. लवकरच्या फेरीची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. निकाल मार्चअखेरीस, आणि ‘येतो’ हे १ मेपर्यंत कळवायचं. अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी पंच्याहत्तर-नव्वद डॉलर असते, ती माफ होते, पण मागावी लागते. इंग्रजीची परीक्षा घरबसल्या देता येते, तिचंही शुल्क काही कॉलेजं सोडतात. शिफारसपत्रं शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी लिहायची. त्यांचं इंग्रजी अडखळत असेल तर अडखळू द्या. ‘मुलगी आज्ञाधारक आहे’ असं मात्र त्यांनी लिहू नये. तिने वर्गात कोणता प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, ते लिहावं.